नफा आर्थरचा, जोखीम टेरीची: ‘माइंडर’ पुन्हा पाहताना

आर्थर डेली कुणाच्या घरात शिरत नाही, कुणाचा खिसा कापत नाही आणि हाणामारीच्या तर वाऱ्यालाही उभा राहत नाही. अंगात उंटाच्या लोकरीचा भारी कोट, डोक्यावर हॅट, ओठांत बारीक सिगार, दाराशी जॅग्वार. बोलायला लागला की वाटावं, पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने व्यापार केलेल्या घरातला माणूस आहे. प्रत्यक्षात जुन्या मोटारींचा थोडाफार धंदा, एक भाड्याचं गोदाम आणि ‘कुठून आला’ हे विचारायचं नाही असा माल, एवढाच त्याचा पसारा.

‘माइंडर’ ही मालिका ब्रिटनच्या आयटीव्ही या वाहिनीवर २९ ऑक्टोबर १९७९ रोजी सुरू झाली आणि मधले खंड धरून १९९४ पर्यंत चालली. तिचे जनक लेखक लिऑन ग्रिफिथ्स. जॉर्ज कोल यांनी आर्थरचं काम केलं आणि डेनिस वॉटरमन यांनी टेरी मॅकॅनचं. टेरी एके काळचा बॉक्सर, तुरुंगात जाऊन आलेला. नावातला ‘माइंडर’ तोच. पैसे घेऊन एखाद्याची पाठराखण करायची, वेळ पडली तर अंगावर झेलायचं, हे त्याचं काम. आर्थर त्याला स्वतःसाठी राबवतो आणि दुसऱ्यांनाही भाड्याने देतो. भाडं किती ठरलं हे टेरीला कधीच नीट कळत नाही.

ही मालिका बहुतेकांनी गंमत म्हणून पाहिली आणि गंमत तिच्यात भरपूर आहे. पण आज ती पुन्हा पाहताना मला तिच्यात वेगळंच काही सापडतं. बेकायदा धंद्यात नफा वर कसा सरकतो आणि धोका खाली कसा घसरतो, हे इतक्या बारकाईने दाखवणारं टीव्हीवरचं दुसरं काम माझ्या पाहण्यात नाही. फक्त ते पुरतं उमगायला त्या काळचा इंग्लंडचा कायदा थोडा माहीत असावा लागतो. तिथल्या प्रेक्षकाला तो सवयीने ठाऊक होता, आपल्याला नसतो.

पहिला प्रश्न असा की आर्थर करतो तो गुन्हा नेमका कोणता? चोरीचा माल घेणं, ठेवणं, हलवणं, विकणं, यांतलं काहीही करणं इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्याच्या कलम २२ खाली येतं. त्याची कमाल शिक्षा १४ वर्षं. खुद्द चोरीला त्याच कायद्यात तेव्हा कमाल शिक्षा होती १० वर्षांची, आणि पुढे १९९१ मध्ये ती ७ वर आणली गेली. चोरापेक्षा चोरीचा माल घेणाऱ्याला जास्त शिक्षा, हे ऐकायला उफराटं वाटतं. त्यामागचा विचार मात्र सरळ आहे. घेणारा नसेल तर चोर शंभर टीव्ही संचांचं करणार काय? गिऱ्हाईक आहे म्हणून चोरी आहे, असं कायदा धरून चालतो.

इतकी कडक शिक्षा असताना आर्थर उजळ माथ्याने फिरतो कसा? खरी मेख पुढे आहे. नुसता माल सापडून भागत नाही. तो चोरीचा आहे हे आरोपीला ‘माहीत होतं’ किंवा त्याचा ‘तसा विश्वास होता’, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. नुसता संशय पुरत नाही. संशय येऊनही मुद्दाम डोळेझाक केली, एवढ्यानेही भागत नाही, हे तिथल्या वरच्या न्यायालयांनी स्पष्ट केलेलं आहे. १९८५ च्या हॉल खटल्यात ‘विश्वास’ म्हणजे काय याची फोड झाली ती साधारण अशी: खात्रीने सांगता येत नाही, पण जे पाहिलं-ऐकलं त्यावरून दुसरा कुठलाही शहाणपणाचा निष्कर्ष निघत नाही, अशी मनाची स्थिती.

हे डोक्यात ठेवून कुठलाही भाग लावा. आर्थर किती कमी प्रश्न विचारतो ते पाहा. समोरचा माणूस मालाची हकीकत सांगायला लागला की हा हात वर करून त्याला थांबवतो, विषय हवापाण्यावर नेतो, पेला मागवतो. कुणी पावतीचं नाव काढलं तर दुखावल्यासारखा चेहरा करतो. हा सगळा विनोद म्हणून येतो, पण प्रत्येक हालचालीमागे व्यवहार आहे. माहिती कानावर पडली की ती जोखीम होते, म्हणून तो ती कानावर पडूच देत नाही. जॉर्ज कोल हे काम भुवयांनी आणि मानेच्या एका झटक्याने करतात. ताकास तूर लागू न देणारी अशी माणसं आपणही पाहिलेली असतात, पण त्या सफाईचं मोल किती वर्षांच्या कैदेएवढं असतं, हे कलम २२ वाचल्यावर कळतं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक तुलना उपयोगी पडेल. भारतीय दंड संहिता १८६० ची, इंग्रजांनीच केलेली. तिच्या कलम ४११ मध्ये चोरीचा माल घेण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होती, साध्या चोरीला होती तितकीच. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आली आहे. शिक्षा कमी, पण शब्द जास्त घट्ट. आपल्याकडे ‘माल चोरीचा आहे असं मानायला कारण होतं’ एवढंही पुरतं. म्हणजे तुमच्या मनात काय होतं यापेक्षा तुम्हाला काय समजायला हवं होतं, हे न्यायालय पाहू शकतं. हवापाण्यावर विषय नेणारा आर्थर मुंबईच्या कोर्टात कागदावर तरी लवकर अडकला असता.

इंग्लंडच्या कायद्यात बाजाराबद्दल आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला विलक्षण वाटते. चोरीचा माल अजाणतेपणी विकत घेतला तर मालकी कुणाची? साधा नियम असा की चोराकडे मालकी नव्हतीच, तर तो ती दुसऱ्याला देणार कुठून? मूळ मालक आला की माल परत. पण मध्ययुगापासून चालत आलेला एक अपवाद होता. उघड्या, रूढीने किंवा सनदेने चालणाऱ्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, काही ठाऊक नसताना सरळ मनाने घेतलेली वस्तू घेणाऱ्याचीच होई, मग ती चोरीची का निघेना. लंडनच्या ‘सिटी’ या जुन्या मध्यवर्ती भागातली दुकानंही या सवलतीत मोडत. जुन्या काळी यामागे तर्क होता: आपली वस्तू गेली की माणसाने भरबाजारात जाऊन शोधावी, तिथे ती दिवसाढवळ्या मांडलेली दिसेलच. विसाव्या शतकात लाखोंच्या शहरात तो तर्क उरला नाही, नियम मात्र उरला. १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि जानेवारी १९९५ मध्ये तो संपला. ‘माइंडर’चा शेवटचा भाग १९९४ च्या मार्चमध्ये दाखवला गेला. म्हणजे आर्थरची पूर्ण कारकीर्द हा नियम जिवंत असतानाची. नियमाने वाचे तो घेणारा, विकणारा नाही. तरी ज्या देशात पहाटे मांडलेली वस्तू आणि उन्हात मांडलेली वस्तू यांचा कायदाच वेगळा होता, त्या देशात माल ‘धुवून’ निघायला किती दारं होती, याची कल्पना येते.

आता टेरीकडे येऊ, कारण मालिकेचं नाव त्याच्यावरून आहे.

समजा, आर्थरने कुणाकडून तरी पन्नास खोकी उचलली. सौदा क्लबमध्ये झाला, कागद नाही, साक्षीदार नाही. खोकी ट्रकमधून उतरवणार टेरी. गोदामात रात्र काढणार टेरी. दुकानदाराकडे पोचवताना व्हॅन चालवणार टेरी. मघाचं कलम २२ पुन्हा आठवा: माल घेणं जसं त्यात येतं, तसंच दुसऱ्यासाठी तो ठेवायला, हलवायला किंवा विकायला मदत करणंही येतं. वाटेत पोलिसांनी व्हॅन थांबवली तर माल सापडतो तो टेरीच्या हातात. शिवाय चोरी नुकतीच झालेली असेल आणि माल बाळगणाऱ्याला धड खुलासा देता आला नाही, तर ज्यूरीने त्यावरून काय तो निष्कर्ष काढावा, अशीही रीत आहे. आर्थर तेवढ्या वेळात क्लबमध्ये बसून ‘मला वाटलं सगळं रीतसर आहे’ हे वाक्य तयार ठेवून असतो.

त्यात टेरीचा भूतकाळ. इंग्लंडच्या फौजदारी खटल्यात आरोपीचे जुने गुन्हे सहसा ज्यूरीसमोर येऊ देत नसत. चोरीच्या मालाचा खटला हा ठळक अपवाद होता. १९६८ च्याच कायद्याच्या कलम २७ नुसार, मागच्या पाच वर्षांत चोरी किंवा चोरीचा माल बाळगण्याबद्दल दोषी ठरला असेल, तर आरोपीला माल चोरीचा असल्याचं माहीत होतं हे दाखवायला ती जुनी शिक्षा पुढे ठेवता येई. टेरीला ही तरतूद नेमकी लागू पडो न पडो, तुरुंग पाहिलेल्या माणसाची शाश्वती कुणी देत नाही, हे प्रत्येक भागात दिसतं. आर्थरचं रेकॉर्ड जवळपास कोरं, म्हणून त्याच्या थापेला वजन. टेरी खरं बोलला तरी ते हलकं.

मग तो नोकरी का धरत नाही? प्रेक्षक हा प्रश्न विचारतात आणि मला त्याचं उत्तर मालिकेतली सर्वांत कडू गोष्ट वाटते. सुटून आलेल्या माणसाला जुनी शिक्षा मागे टाकता यावी, म्हणून ब्रिटनने १९७४ मध्ये कायदा केला. ठराविक वर्षं गुन्ह्याविना काढली की ती शिक्षा ‘संपली’ असं धरायचं, मालकाने विचारलं तरी सांगायची गरज नाही. पण सहा महिन्यांहून अधिक आणि अडीच वर्षांपर्यंतच्या कैदेसाठी ही मुदत तेव्हा दहा वर्षांची होती. अडीच वर्षांहून मोठी शिक्षा तर कधीच संपत नसे. दहा वर्षं माणसाने खायचं काय? त्यातच बेकारी वाढत चाललेली. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये बेकारांची नोंद ३० लाखांच्या पुढे गेली. स्वच्छ चारित्र्याच्या माणसांना काम मिळत नव्हतं, तिथे टेरीला कोण दारात उभं करणार? आर्थर त्याला काम देतो, हे खरंच आहे. आपण उपकार करतोय असं आर्थर मनापासून मानतो, आणि कोल यांनी तो प्रामाणिकपणा जपला म्हणून व्यक्तिरेखा कागदी खलनायक होत नाही. टेरीला दुसरा मालक नाही, हेच आर्थरचं भांडवल. मालिकाभर टेरी चिडतो, ‘आता पुरे’ म्हणतो, आणि पुढच्या भागात पुन्हा हजर असतो.

ज्या क्षणी हे सुरू झालं तोही बघण्यासारखा आहे. १९७९ च्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. जूनमध्ये व्हॅट ८ टक्क्यांवरून थेट १५ वर गेला. व्हॅट तिथे १९७३ पासूनचा, म्हणजे फार जुना नव्हे. तो वाढला की पावतीशिवाय, रोखीने विकलेला माल गिऱ्हाइकाला आपोआप स्वस्त वाटू लागतो. आर्थरच्या जिभेवर प्राप्तिकर आणि व्हॅटवाल्यांना जी शेलकी विशेषणं असतात त्यांचं मूळ या आकड्यांत आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने परकीय चलनावरचे निर्बंध उठवले. त्याच आठवड्यात, २४ ऑक्टोबरला, ऑगस्टपासून संपामुळे जवळजवळ देशभर काळा पडलेला आयटीव्हीचा पडदा पुन्हा उजळला, आणि पाच दिवसांनी ‘माइंडर’ आलं. आर्थर स्वतःला उद्योजक म्हणवतो, सरकारही तेव्हा उद्योजकांचे गोडवे गात होतं. दोन्ही बाजूंचा शब्द एकच पडला, आणि पुढे आर्थर डेली हे नाव लंडनच्या बोलण्यात संशयास्पद व्यापाऱ्याचं सामान्यनाम होऊन गेलं.

तरी आर्थर त्या दशकाचं अपत्य नव्हे. त्याची मुळं युद्धकाळातल्या रेशनमध्ये आहेत. ब्रिटनमध्ये रेशन १९४० मध्ये सुरू झालं ते १९५४ पर्यंत चाललं, आणि त्या टंचाईत मोजे, मांस, पेट्रोल ‘मिळवून देणारी’ चटपटीत पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहिली. रेशन संपलं त्याच १९५४ मध्ये जॉर्ज कोल यांनी पडद्यावर अशाच एका पोराची, फ्लॅश हॅरीची, भूमिका केली होती. पंचवीस वर्षांनी ते आर्थर म्हणून आले तेव्हा तोच पोरगा पोक्त होऊन, कोट घालून परतल्यासारखं प्रेक्षकांना वाटलं असणार.

विंचेस्टर क्लबबद्दल थोडं. ग्लिन एडवर्ड्स यांनी साकारलेला डेव्ह तो चालवतो आणि अर्धी मालिका तिथेच घडते. दिवसाढवळ्या ही माणसं पबात न जाता या कोंदट खोलीत का बसतात? इंग्लंडमध्ये तेव्हा पब दुपारी बंद ठेवावे लागत, ही सक्ती १९८८ मध्ये उठली. त्या मधल्या वेळेत घसा ओला करायचा तर सभासदांचे खासगी क्लब हाच आसरा. ज्यांना दुपारी कुठे कामावर जायचं नसतं, असे लोक तिथे जमणार हे ओघानेच आलं.

हे सगळं इतकं खरं दिसतं त्याचं श्रेय चित्रीकरणाच्या पद्धतीला द्यायला हवं. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मालिकांत घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यांवर आणि बाहेरचे फिल्मवर घेत. दार उघडून माणूस रस्त्यावर आला की चित्राचा पोतच बदले. यूस्टन फिल्म्स या थेम्स टेलिव्हिजनच्या कंपनीने सगळंच १६ मिलिमीटर फिल्मवर, खऱ्या जागी घ्यायचं ठरवलं. व्हेरिटी लॅम्बर्ट त्या वेळी तिथे सूत्रं सांभाळत होत्या. त्यामुळे पश्चिम लंडनच्या ओल्या भिंती, रेल्वेच्या कमानींखालच्या वखारी, विकायला ठेवलेल्या मोटारींवर साचलेलं पाणी, सगळं जसंच्या तसं आहे. आज त्यातल्या कित्येक गल्ल्यांत घरांच्या किमती डोळे पांढरे करतात. टेरीसारख्याला तिथे खोली मिळत होती, हे आता फिल्मवरच उरलं आहे.

पोलिसांचीही एक पार्श्वभूमी आहे. याच कंपनीच्या ‘द स्वीनी’ मध्ये वॉटरमन फ्लाइंग स्क्वॉडचे, म्हणजे लंडन पोलिसांच्या दरोडाविरोधी पथकाचे, सार्जंट होते. ती मालिका चालू असतानाच, १९७७ मध्ये, खऱ्या फ्लाइंग स्क्वॉडच्या माजी प्रमुखाला भ्रष्टाचाराबद्दल शिक्षा झाली. लोकांचा पोलिसांवरचा भरवसा डळमळला होता. चौकीत आरोपी काय बोलला हे पोलिसांनी स्वतः लिहून काढायचं, आणि न बोललेला कबुलीजबाब तोंडी घातल्याच्या तक्रारी उठत. १९८४ चा पोलीस व पुराव्याचा कायदा १९८६ मध्ये अमलात आला, तेव्हा कुठे चौकशीच्या ध्वनिमुद्रणाची घडी बसू लागली. पॅट्रिक मॅलाहाइड यांचा चिझम हा अधिकारी आर्थरच्या मागे हात धुऊन लागलेला असतो आणि आर्थर दरवेळी त्याच्या हातून सुटतो. चिझम हास्यास्पद दिसतो खरा, पण आधीच्या भागांत टेरी चौकीच्या पायऱ्या चढताना वॉटरमन यांचा चेहरा पाहा. तिथे हसू नाही.

सगळंच टिकलं आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या काही वर्षांत बायका बहुतेक वेळा टेरीच्या अंथरुणापुरत्या किंवा क्लबातल्या नाचापुरत्या येतात. आर्थरची बायको सतत उल्लेखली जाते, कधीच दिसत नाही. ती युक्ती म्हणून झकास आहे, पण एका बाईचं अस्तित्व नवऱ्याच्या कुरकुरीतूनच कळावं, हे आज खटकतं. पहिल्याच भागात एका लाँड्रीत टेरीला ओलीस धरलं जातं. बंदूकवाले तरुण कृष्णवर्णीय आहेत, आणि त्यांना माणूस म्हणून उभं करण्यात लेखन कमी पडतं. नंतरच्या पर्वांत हाणामारी कमी झाली, विनोद वाढला, कथानकं सैल झाली. सुरुवातीला टेरीची असलेली गोष्ट हळूहळू आर्थरची झाली. लोकप्रियतेच्या दृष्टीने ते बरोबर ठरलं. मला मात्र आधीचं, थंड आणि ओलसर ‘माइंडर’ जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात मार खरा लागतो आणि तो कुणाला लागतो हेही दिसतं.

प्रेक्षक आर्थरच्या प्रेमात पडले, ही गोष्ट स्वतंत्र विचार करण्याजोगी आहे. कोल पुढे लीड्स पर्मनंट या बचतसंस्थेच्या जाहिरातींतही झळकले. ज्या चेहऱ्याने वर्षानुवर्षं पडद्यावर लोकांना टोप्या घातल्या, तोच चेहरा ‘पैसे इथे ठेवा’ म्हणून सांगत होता आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. अशा माणसाची मोहिनी असते ती हीच. फसवलं गेल्यावरही समोरचा त्याच्यासाठी सबबी शोधतो. टेरीने हे किती भाग केलं, आणि आपण प्रेक्षकही त्याच्याबरोबर तेच करत होतो.

वॉटरमन यांनी मालिका सोडली. १९९१ मध्ये गोष्ट पुढे सुरू झाली तेव्हा कळतं की टेरी लग्न करून ऑस्ट्रेलियाला निघून गेला आहे. आर्थरला यातना होतात, त्या खऱ्या आहेत. आणि त्याच भागात तो पुतण्या रेला कामाला लावतो. रे तरुण आहे, नीटस आहे, गॅरी वेबस्टर यांनी तो छान केला आहे. पण त्याला पर्याय आहेत, तो कधीही उठून जाऊ शकतो, त्यामुळे मालिकेतला ताणच निघून जातो. पाहायची असेल तर १९७९ ते १९८२ मधल्या पहिल्या तीन पर्वांपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक भागात एवढंच मोजा: खोकं कुणी उचललं, आणि नोटा कुणी.